उंचावर जोडलेलं पोट

माझी माशी मध करत नाही, कुणाला डसत नाही आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी, काळी कुळकुळीत. मोरीच्या भिंतीवर नाहीतर खिडकीच्या काचेवर चालताना दिसली तर लोकांना वाटतं मुंगीला पंख फुटलेत, आणि ते तिला फडक्याने उडवून लावतात. पण जरा थांबून पाहिलं तर कळतं, की ही बाई चालता चालता आपलं पोट सारखं वरखाली हलवते आहे. पोट तरी केवढं? चपटं, एवढंसं, बारीक दांडीवर बसवलेलं. इंग्रजांनी तिला झेंडेवाली म्हटलं, शास्त्राने तिच्या सबंध कुळाला इव्हॅनिडी असं नाव दिलं आणि माझी आई तिला मानकरीण म्हणायची. एवढं किडमिडं पोट घेऊन इतक्या तोऱ्यात चालणारी दुसरी बाई आपण अख्ख्या पेणमध्ये पाहिली नाही, असं तिचं म्हणणं होतं.

तिच्या शरीरात एक गंमत आहे. पुढचं सगळं त्या गमतीवरच उभं आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते. ही गांधीलमाश्यांचीच लांबची भावकी, तेव्हा कुठलीही गांधीलमाशी डोळ्यांसमोर आणा. डोकं, मग छाती, मग बारीक कंबर आणि मग पोट. ही कंबर छातीच्या अगदी शेवटी, खालच्या अंगाला, मागच्या पायांच्या लगत जोडलेली असते. माझ्या मानकरणीचं तसं नाही. तिची कंबर छातीच्या पाठीवर, वरच्या बाजूला निघते. मागचे लांबलचक पाय खाली, आणि पोट त्यांच्यापासून दूर, उंचावर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, घाईघाईत कुणीतरी भलतीकडेच चिकटवून दिलंय. पण या कुळाची ओळख म्हणजे नेमका हाच जोड. तो दिसला की बाकी काही न बघता नाव सांगावं.

आणि ती माणसांच्या घरात येते ती झुरळांसाठी. झुरळाची मादी आपली अंडी एका तपकिरी डबीत भरून ती डबी फळीच्या मागे, पोत्याच्या शिवणीत, जिथे जागा मिळेल तिथे चिकटवून ठेवते. ही माशी त्या डबीत आपलं अंडं घालते. त्यातून निघालेली अळी झुरळाची सगळी अंडी फस्त करते आणि शेवटी डबीला गोल भोक पाडून एकटी माशी बाहेर पडते. थोडक्यात, ज्या घरात ही माशी त्या घरात झुरळं. हे वाक्य वर्गात फळ्याशी उभं राहून म्हणायला सोपं आहे. लोकांच्या ओटीवर बसून, त्यांनी दिलेला चहा पिताना म्हणायला अवघड आहे, हे मी स्वानुभवाने सांगते.

त्या काळात मी रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि पेणला आईवडिलांकडे राहायची. सकाळची एसटी वडखळ, गडब करत नागोठण्याला यायची आणि तिथून भिसे खिंडीतून रोह्याला उतरायची. नागोठण्याच्या बाजूला मोठ्या कंपनीचं बांधकाम चाललेलं होतं, त्यामुळे एसटीत शिफ्टला जाणाऱ्या माणसांची गर्दी असे. मला खिडकी मिळाली तर मिळाली. डॉक्टरेटसाठी मी हेच कूळ घेतलं होतं: पेण आणि रोहा तालुक्यांत त्यातल्या कुठल्या जाती सापडतात, त्यांची शरीरं कशी आहेत, कोण कुठे राहतं. हे कूळ तसं जगभर पसरलेलं आहे. फार थंडीचे मुलूख सोडले तर सगळीकडे, आणि उष्ण देशांत अधिक. काही जाती तर झुरळांच्या मागोमाग जहाजांतून बंदरोबंदरी गेल्या. पण आपल्या अंगणात त्यातलं कोण वावरतं, याची कुणी फारशी विचारपूस केली नव्हती.

विचारपूस का केली नव्हती ते मला गडबला पहिल्याच दिवशी कळलं. रस्त्यालगत एक दुकान, मागे घर, त्याच्या मागे भातशेती. मी आपली सरळ विचारते, तुमच्याकडे झुरळं आहेत का? त्या घरच्या बाईने कमरेवर हात ठेवले.

"आमच्या घरान झुरल नाय गो बाय. ती पलीकडची हाय ना, तिच्या घरान बघ जा."

पलीकडचीकडे गेले. तिने मला पहिल्या घरी परत पाठवलं. असं करत मी गडब पालथं घातलं आणि माझ्या नकाशावर गडब हे झुरळ नसलेलं जगातलं एकमेव गाव ठरायची वेळ आली. घरी येऊन सांगितलं तर आई हसून हसून बेजार. "लोकांच्या दारात झुरळं मागत फिरणारीला कोण करून घेईल गो?" असं वर म्हणाली. तेव्हा माझ्या लग्नाचा विषय आमच्याकडे असाच कुठूनही निघायचा.

नंतर मी शहाणी झाले. झुरळाचं नावच काढायचं नाही असं ठरवलं. काचेच्या नळीत मेलेली मानकरीण ठेवून ती दाखवायची आणि विचारायचं, ही कधी बघितलीत? मग काय, सगळ्यांनी बघितली होती. गडबला त्याच बाईने मला कांद्याच्या टोपलीजवळ नेऊन जिवंत दाखवली. नागोठण्याला पुराचं पाणी ओसरल्यावर ती माळ्यावर दिसायची, कारण पाणी आलं की झुरळं वर चढत आणि त्यांच्या मागून ही. रोह्याला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, रसायनांच्या कपाटामागे तिचा मुक्काम होता. खाडीकडे, मिठागरात काम करणाऱ्यांच्या घरी, जळणाच्या लाकडांत ती मिळाली. लोक मला 'माशीवाली बाय' म्हणू लागले. मला ते आवडलंच.

आता बाबा. आमचा पेणला गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची लांब शेड. शाडूच्या आणि प्लास्टरच्या घरगुती मूर्ती, मांडीवर मावतील एवढ्या. साच्यातून काढणं, जोड भरणं, घासकाम, रंगकाम ही कामं घरातले आणि शेजारपाजारचे सगळेच करत. पण डोळ्यांची आखणी फक्त बाबा करत. आखणी म्हणजे मूर्तीची शेवटची पायरी. दोन केसांचा ब्रश, काळा रंग, आणि एका दमात ओढलेली पापणीची रेघ. ती चुकली तर देव भलतीकडे बघतो. बाबांनी उघडलेले डोळे तुम्ही घरात कुठेही बसा, तुमच्याकडेच बघतात असं गिऱ्हाइकं सांगत, आणि ते ऐकताना बाबा मुद्दाम दुसरीकडे बघत.

साखरेच्या दुखण्याने त्यांचे डोळे अधू झाले. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर आता यायची नाही, उरली ती जपा. हात मात्र दगडासारखा स्थिर होता. आदल्या श्रावणात त्यांनी नेहमीसारखी आखणीला सुरुवात केली. काही मूर्तींच्या डोळ्यांतल्या बाहुल्या एका रेषेत नव्हत्या. कुणी काही बोललं नाही. बाबा जेवायला उठले की माझा मोठा भाऊ हळूच येऊन त्या पुसायचा आणि पुन्हा काढायचा. त्याचाही हात चांगला होता, आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आपली रेघ बाबा ओळखणार नाहीत असं त्याला वाटलं, हे नवलच. एके दिवशी जेवून आल्यावर बाबा एका मूर्तीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग ब्रश धुतला आणि भावाच्या हातात दिला. "आता तू कर," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून ते ओटीवर बसायला लागले. पेपर वाचता येत नव्हता. रेडिओ लावत आणि बंद करत. दुपारी आईला चारदा विचारत, किती वाजले. पन्नास वर्षं ज्या माणसाने हाताला उसंत दिली नाही, तो माणूस मांडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होता. मला त्यांची भीती वाटायला लागली, म्हणजे त्यांच्यासाठी. हा माणूस असाच बसून बसून संपून जाईल, असं मला एसटीत बसल्यावर वाटे आणि मग रोह्यापर्यंत दुसरं काही सुचत नसे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी विभागप्रमुखांची परवानगी काढून कॉलेजचा मायक्रोस्कोप घरी आणला. मला प्रबंधासाठी चित्रं हवी होती. माझी चित्रकला म्हणजे आनंद आहे. मी काढलेली माशी आणि मी काढलेली म्हैस यांत फक्त शिंगांचा फरक. मुंबईत असली चित्रं काढून देणारी माणसं होती, तिकडे पाठवायचं हे जवळजवळ ठरलेलं होतं. त्या दिवशी मी मधल्या खोलीत टेबलावर काचेखाली माशी लावून, शंभराचा बल्ब जवळ ओढून बसले होते. बाबा पाणी प्यायला आत आले.

"काय बघतेस एवढं?"

"या ना. बघा."

त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला. मी स्क्रू फिरवत राहिले. मला वाटलं, उगाच बोलावलं, आता दिसत नाही म्हणतील आणि परत ओटीवर जातील.

"बास. थांब," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "दिसतंय मला."

मी आत जाऊन घागरीजवळ उभी राहिले. मला रडू आलं होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं. बाहेरून आवाज आला, "हिच्या पाठीचं घासकाम राहिलंय गो. सगळा खडबडा हाय." खरंच होतं ते. या कुळाच्या छातीवर बारीक बारीक खळगे असतात, भरड्या प्लास्टरवर असतात तसे. मी डोळे पुसून बाहेर आले आणि म्हटलं, "बाबा, मला ही काढून द्याल?"

"केवढी?"

"हातभर चालेल. नंतर फोटो काढून लहान करतात."

बारीक त्यांना दिसत नव्हतं, पण हातभर कागदावरची रेघ दिसत होती. दुसऱ्या दिवसापासून ते टेबलाशी बसले. एक डोळा भिंगाला, मग कागदाकडे, मग परत भिंगाला. मी त्यांना सांगे, हे शिंग, म्हणजे डोक्यावरची मिशी, याचे तेरा मणी मोजून काढायचे. हा पुढचा पंख, याच्या शिरा जशा आहेत तशाच. मागच्या पंखाच्या मुळाशी हा छोटा, कानाच्या पाळीसारखा भाग आहे, तो विसरायचा नाही. ते हूं हूं करत. 'किती वाजले' हा प्रश्न ऐकून आठवडा झाला, असं आईने मला चुलीजवळ बोलावून सांगितलं.

चित्र पुरं झालं. काय सांगू! मी जगातल्या मोठमोठ्या पुस्तकांतली कीटकांची चित्रं पाहिली होती, पण त्यातला एकही किडा जिवंत वाटला नव्हता. बाबांची माशी आता उडेल अशी बसलेली होती. डोळ्यात त्यांनी सवयीने एक पांढरा ठिपका ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. नमुन्याचा एक मागचा पाय तुटलेला होता, तोही त्यांनी दुसऱ्यावरून जोडून दिला होता. तेवढं चालतं. आणि पोट त्यांनी छातीच्या शेवटी, खाली, मागच्या पायांना लागून जोडलं होतं.

जगातली सगळ्यात सुंदर माशी, आणि ती आमच्या कुळातली राहिलीच नव्हती.

मला भावाने पुसलेल्या बाहुल्या आठवल्या. आता मी पण तेच करणार होते. पण शास्त्रात त्यांच्या मागून पुसून टाकायची सोय नव्हती. त्यांना सांगायलाच हवं होतं. मी आवाज शक्य तितका मऊ केला. म्हटलं, "बाबा, फार सुरेख झालंय. फक्त हे पोट आहे ना, ते इथे नसतं, इथे वर असतं. फार बारीक आहे, नीट दिसलं नसेल."

बाबांनी मान वर केली. "काय दिसलं नसंल?"

"म्हणजे, जोड…"

"जोड मला चांगला दिसला. पाठीवर हाय. चुकलाय तो, म्हणून सुधारला."

हसू का रडू ते कळेना. डोळे चुकले नव्हते. डोळ्यांनी अगदी बरोबर पाहिलं होतं, आणि मग कारखानदाराने त्यावर आपलं काम केलं होतं.

"अहो, ती तशीच असते," मी म्हटलं.

"तशी कशी असंल? साच्यातनं हात तिरका निघाला तर तू ती मूर्ती तशीच गिऱ्हाइकाला देशील? लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"ही मूर्ती नाही, बाबा."

"पण घडवली तर हाय ना कुणीतरी? एखाद्या वक्ताला हात चुकतो. म्हणून आपण पण चुकायचं?"

मी जरा तापट आहे. कुठून आलंय ते उघड आहे. मी म्हटलं, एक माशी चुकेल, अख्खं कूळ कसं चुकेल? आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांची पोटं वरच आहेत! त्यावर बाबा म्हणाले, साचा चुकला की सगळा माल चुकतो, आणि मायक्रोस्कोपवर टॉवेल टाकून ओटीवर निघून गेले.

आमच्या घरात रुसवा वडिलोपार्जित आहे. ते माझ्याशी बोलेनात, मी त्यांच्याशी बोलेना. सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं. आई दोघांना ताटं वाढताना म्हणायची, "बाप-लेकीची डोकी एकाच साच्यातली. घासली पण नाय नीट." पण खरं सांगायचं तर मला रुसव्याचं काही नव्हतं, मला ओटीचं भय होतं. ते परत तिथे जाऊन बसले होते. एका श्रावणात मुलाने रेघ पुसली आणि वर्ष उलटायच्या आत मुलीनेही चूक काढली. आता हा माणूस तिसऱ्यांदा हातात काही धरायचा नाही, असं माझ्या मनाने घेतलं. मुंबईच्या चित्रकाराकडे नमुना पाठवला असता तर महिन्याभरात मला बिनचूक चित्र मिळालं असतं आणि प्रबंध पुढे सरकला असता. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तसं दोनदा सुचवलंही. मी दोन्ही वेळा, बघते, म्हणाले आणि काही केलं नाही.

आषाढात कारखान्यात कामाची झुंबड होती. दमट हवा, प्लास्टरमध्ये मिसळायच्या काथ्याची पोती रचलेली, आणि त्या पोत्यांच्या मागे झुरळांचं राज्य. एका रविवारी दुपारी आई जुने साचे झाडून पुसून ठेवत होती. तिकडून तिची हाक आली.

"अगो ये! तुझी मानकरीण आली हाय बघ! उंदरावर बसलीय!"

उंदीर म्हणजे गणपतीच्या उंदराचा साचा, हाताच्या मुठीएवढा. त्याच्या पाठीला झुरळाची डबी चिकटलेली होती आणि डबीवर माझी माशी बसली होती. शिंगांनी डबी ठोकून ठोकून बघत होती. मी श्वास रोखून काचेचा वाडगा साच्यासकट तिच्यावर पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि तो सगळा लवाजमा तसाच उचलून मधल्या खोलीत नेला. मला वाटलं होतं ती उडेल, वाडग्याला धडका देईल. पण तिला कामापुढे काही दिसत नव्हतं. मी वाडगा काढला, साचा मायक्रोस्कोपखाली सरकवला, बल्ब लावला. ती हललीसुद्धा नाही.

मी बाबांना हाक मारली नाही. रुसवा होता ना. आईलाच मोठमोठ्याने सांगायला लागले, बघ कशी करते, बघ काय गंमत आहे. आईला भिंगातून कधीच काही दिसत नसे, तिला स्वतःच्या पापण्या दिसत. तीही मोठ्याने म्हणाली, "अगोबाय, व्हय की!" ओटीवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाबा आले. आम्ही दोघी बाजूला झालो. त्यांनी डोळा लावला आणि दोन्ही हात टेबलावर टेकले.

"ठोकतेय," ते म्हणाले. मग त्यांनी स्क्रू जरासा फिरवला. "आता आडवी झाली. एका कुशीवर." बाहेर पाऊस कौलांवर पडत होता आणि कारखान्यात कुणीतरी प्लास्टर ढवळत होतं. "पोट पुढं घेतलं… टेकवलं… दाबतेय." त्यांचा आवाज बारीक होत गेला. "पाय मधी येत नायत गो तिच्या. पाय खाली ऱ्हायले. पोट मोकळं हाय सगळीकडनं फिरायला."

शास्त्र माझ्याकडे पुरावा मागेल तर जोड उंच असण्याचं कारण हेच, असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्या खोलीत तेव्हा कुणाला शंका नव्हती. ती माशी एका कुशीवर पडून, त्या इवल्याशा मोकळ्या पोटाने, टणक डबीला भोक पाडत होती, आणि आम्ही तिघं तिच्याभोवती उभे होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी ती उठली, अंग झटकलं, पोट दोनदा वरखाली केलं आणि खिडकीकडे उडून गेली. बाबा सरळ झाले. चष्मा लावला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले, "हिला हे काम करायचं असतं म्हणून."

मी त्यांना ते दहा वेळा सांगितलं होतं. जेवताना, चहा पिताना, चित्र काढताना, प्रत्येक वेळी सांगितलं होतं. पण मी गप्प बसले, आणि तोंडाला कुलूप लावणं मला आयुष्यात इतकं सोपं कधी गेलं नव्हतं. ते म्हणाले, "नवा कागद दे."

दुसरं चित्र पहिल्यापेक्षा साधं झालं आणि पहिल्यापेक्षा चांगलं झालं. जोड जिथे असायचा तिथे. पाय खाली मोकळे. पांढरा ठिपका मात्र त्यांनी ठेवलाच, आणि उजेडाची तिरीप म्हणून तो शास्त्राने खपवून घेतला. संध्याकाळी भाऊ हात पुसत पुसत आत आला आणि वाळत घातलेल्या चित्रापुढे थांबला. पोटाच्या दांडीची लांब रेघ तो बघत होता.

"ही एका दमात मारली, बाबा?"

"मग काय दोन दमात मारू?" बाबा म्हणाले.

भाऊ हसला, बाबाही हसले. मागच्या श्रावणापासून ते दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. त्या रात्री जेवताना बाबांनी त्याला पापणीच्या रेघेबद्दल काहीतरी सांगितलं आणि भावाने ऐकून घेतलं. आईने मला कोपराने ढोसलं, मी तिला ढोसलं.

पुढच्या महिन्यांत त्यांनी माझ्या सगळ्या जाती काढल्या. नर, मादी, बाजूने, वरून, नुसता पंख, नुसतं डोकं. एकदाही काही सुधारलं नाही. उलट मीच एखादा वाकडा मणी सरळ काढा म्हटलं तर म्हणत, "नको, त्याचं काहीतरी कारण असंल." प्रबंध बांधून आला. बाबांनी तो मांडीवर घेतला, पानं उलटून आपली चित्रं लहान झालेली बघितली, म्हणजे बोटाने चाचपली, कारण एवढं बारीक त्यांना दिसत नव्हतं. मी तो मुंबईला नेऊन दिला आणि परतताना एसटीत निश्चय केला, की आता पुरे. आता झुरळाची डबी डोळ्यांसमोर नको. आता शिकवायचं, रविवारी उशिरा उठायचं आणि मायक्रोस्कोप कॉलेजला परत करायचा. मला खरोखर कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी उशिरा उठून मधल्या खोलीत आले. बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसले होते. बल्ब लावलेला होता. नवा कागद फळीवर पिनांनी ताणून बसवला होता. पेन्सिलींना टोक केलेलं होतं. मायक्रोस्कोपखालची काच रिकामी होती.

"आज काय?" त्यांनी विचारलं.

काम संपल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. 'काही नाही' हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते बोलले असते तर त्यांनी बल्ब मालवला असता, पिना काढून डबीत ठेवल्या असत्या आणि ते ओटीवर जाऊन बसले असते. तक्रारही केली नसती. मला ते सोसलं नसतं.

"आहे ना," मी म्हटलं. "दुपारी आणते. अजून पुष्कळ उरलंय."

चहासुद्धा न घेता मी जाळी उचलली आणि गागोद्याला जाणारी एसटी पकडली. तिथे डोंगराच्या पायथ्याशी पाचोळ्यात, दगडांवर, पडलेल्या लाकडांवर दुपारपर्यंत जाळी फिरवत बसले. गुरं राखणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, काय हरवलंय? मी म्हटलं, अजून काही नाही. खूप वेळाने जाळीत एक मानकरीण आली. घरातल्यांपेक्षा बारीक आणि छाती तांबूस. रानातल्या झुरळांवर जगणारी असावी. तशी मी आधी कधी पाहिली नव्हती.

घरी आले तेव्हा बाबा तिथेच बसले होते. मी माशी काचेवर लावली. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला.

"ही कोण?"

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

त्यांना केवढा आनंद झाला! "तुला पण नाय माहीत? मग नीट बघायला पायजे," असं म्हणत त्यांनी सदऱ्याची बाही वर सरकवली आणि पेन्सिल उचलली.

या दोन तालुक्यांतल्या माश्यांवर माझ्या नावाने पुढे बरंच काम झालं. कुठली जात कुठल्या गावात, डोंगरात कोण, खाडीला कोण, हे आज थोडंफार माहीत आहे. लोक मला विचारतात, डॉक्टरेट झाल्यावरही तुम्ही एवढी वर्षं या एका कुळाच्या मागे का लागलात? मी काहीतरी शास्त्रीय उत्तर देते. बाबा होते तोवर मी एकाही सुट्टीच्या दिवशी रिकाम्या हाताने घरी आले नाही.